एक चमचा पेट्रोलची कॅडिलॅक

१९५९ सालची कॅडिलॅक ५ मीटर ७१ सेंटिमीटर लांब होती. आपली प्रीमियर पद्मिनी चार मीटरही भरत नसे. पद्मिनीच्या मागे एक उंचापुरा माणूस आडवा झोपवला, तर कुठे कॅडिलॅकची लांबी पुरी होते. आता या धुडाला २५ ने भागा. गाडी होते २३ सेंटिमीटरची; तीस सेंटिमीटरच्या पट्टीवर उभी केली तरी जागा उरते.

खरी गंमत पुढेच आहे. लांबी २५ पट घटली की आकारमान २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५ पट घटतं. दोन टनांच्या वरची गाडी सव्वाशे-दीडशे ग्रॅमवर येते. पंचाहत्तर लिटरच्या टाकीत जेमतेम एक चमचा पेट्रोल मावतं. आतला ड्रायव्हर आपल्या करंगळीपेक्षा थोडाच उंच. याच हिशेबाने रस्ताही आकसला, तर धाराशिव ते सोलापूर हे अंतर पावणेतीन किलोमीटर, सकाळच्या फिरण्यात उरकेल.

जुन्या अमेरिकी गाड्यांची अशी मॉडेलं जोडणं हा जगभरचा छंद आहे. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात आणि त्यांना शंभरेक सुटे भाग लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. छंदाचं माहेर डेट्रॉइट. त्याचा धाराशिव जिल्ह्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी जरा धीर धरावा; नळदुर्गच्या पुलावर आपण पोहोचणारच आहोत.

आकडे आले कुठून?

मॉडेलच्या खोक्यावर १:२४, १:२५, १:३५, १:४३ असं काहीतरी छापलेलं असतं. पाहिलं तर वाटतं, कुणी शास्त्रज्ञाने बसून ठरवलं असेल. तसं काही नाही.

१:२४ सरळ आहे. एका फुटाला अर्धा इंच. १:४३ हे इंग्लंडमधल्या खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आलं. तिथे एका फुटाला सात मिलिमीटर असं माप धरत, आणि त्या गाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला छोट्या मोटारी लागत. त्या मापाचं अर्धं केलं की १:८७. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून सुरू आहे, तिथल्या गाड्या याच १:८७ मापाच्या. म्हणजे कोथरूडची आगगाडी आणि इंग्लंडच्या डिंकी कंपनीची खेळण्यातली मोटार एकाच घराण्यातल्या.

सगळ्यात मजेदार जन्मकथा १:३५ ची. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक चालता रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, म्हणून रणगाडा तेवढ्या आकाराचा केला. नंतर मोजला तर तो साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. झालं! त्या बॅटऱ्यांच्या मापावर आज जगातली बहुतेक लष्करी मॉडेलं बनतात.

शोरूममधून खोक्यात

अमेरिकी मोटारींच्या १:२५ मॉडेलांची सुरुवात मोटारविक्रेत्यांनी केली. नवी गाडी शोरूममध्ये आली की तिची हुबेहूब प्लास्टिकची प्रतिकृतीही यायची, तीही कारखान्याच्या खऱ्या रंगात. बाप गाडी पाहायचा, पोरगं प्रतिकृती पाहायचं, आणि घरी गेल्यावर पोरगं बापाला सुखाने जगू द्यायचं नाही. मिशिगनमधली १९४८ ची एएमटी कंपनी असल्या प्रतिकृती करण्यात पुढे होती. मोटार कंपन्या गाडी बाजारात यायच्या आधीच तिची रेखाटनं या खेळणीवाल्यांकडे विश्वासाने देत.

सुरुवातीच्या या प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. हे प्लास्टिक वर्षागणिक आकसतं आणि वाकतं. त्यामुळे पन्नासच्या दशकातली प्रतिकृती कुणाकडे असेल तर तिची चाकं जमिनीला टेकतीलच असं नाही. पुढे पॉलिस्टायरीन आलं आणि गाड्यांची कंबर सरळ झाली.

१९५८ मध्ये एएमटीने तीच गाडी सुट्या भागांत विकायला काढली. 'थ्री-इन-वन' नावाच्या या खोक्यातून गाडी तीन प्रकारे जोडता येई: कारखान्यातून निघते तशी, हौशी मालकाने सजवलेली किंवा शर्यतीची. उरलेले भाग मुलं डब्यात जपून ठेवत. मॉडेलवाल्यांच्या घरी तो डबा अजून असतो, आणि घरच्यांना त्यातलं काहीही टाकून द्यायची परवानगी नसते.

याच काळात जनरल मोटर्सने चालवलेली एक स्पर्धा सांगण्यासारखी आहे. फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड तिचं नाव, १९३० ते १९६८ असा तिचा काळ. आधी मुलांना नेपोलियनच्या थाटाची घोडागाडी बनवायला सांगत. मग स्वतःच्या कल्पनेची मोटार. बक्षीस म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या सगळ्या गाड्यांच्या डिझाइनचा प्रमुख झाला. स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. मुलींमधल्या किती डिझायनर त्या कंपनीने हातच्या घालवल्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

जाता जाता एक पाणबुडीचा किस्सा. १९६१ मध्ये रेव्हेल कंपनीने अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू पाणबुडीचं मॉडेल काढलं. ते इतकं तपशीलवार होतं की अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल रिकओव्हर भडकले: तीन डॉलरच्या आत रशियाला आपली गुपितं घरपोच मिळताहेत!

डिंकाला मोहरीचा झणका

प्लास्टिक मॉडेलचा डिंक खरं तर चिकटवत नाही, वितळवतो. दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात आणि द्रव उडून गेला की सांधा घट्ट. साठच्या दशकात अमेरिकेत पोरं हा डिंक नशेसाठी हुंगायला लागली. टेस्टर्स या कंपनीने १९६९ मध्ये त्यावर जो उपाय काढला, तो आपल्याकडच्या कुठल्याही आजीला सुचला असता. डिंकात मोहरीच्या तेलातला तिखट अर्क घातला. कुणी नाक लावलं की डोक्यात झणझणीत सणक.

आपल्याकडचं फेव्हिक्विक या कामात जपून वापरावं. त्याच्या वाफेने गाडीच्या काचा पांढुरक्या धुरकट होतात आणि मग धुतल्या तरी निघत नाहीत. काच बसवायला साधं पांढरं फेव्हिकॉल उत्तम. वाळल्यावर पारदर्शक होतं, चुकलं तर पाण्याने पुसता येतं.

नळदुर्गचा पूल

आता आपल्या जिल्ह्यात. १३ सप्टेंबर १९४८. निजामाच्या हैदराबाद संस्थानात भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरलं. मुख्य वाट सोलापूर-हैदराबाद रस्त्याची आणि पहिली मोठी लढाई नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शत्रूने उडवण्याआधी सातव्या ब्रिगेडने तो अख्खा ताब्यात घेतला. सकाळी नऊला चिलखती दळ जळकोटमध्ये होतं आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात. मोहिमेची सूत्रं मेजर जनरल जयंतनाथ चौधरींकडे होती. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

या इतिहासावर व्याख्यानं पुष्कळ होतात. त्या दिवशी रस्त्यावरून गेलं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. सैन्याची बरीचशी वाहनं दुसऱ्या महायुद्धातून उरलेली होती आणि त्यांत अमेरिकी भरपूर. जीप होत्या, शर्मन रणगाडे होते. म्हणजे तुळजापूर आणि उमरगा तालुक्यांनी अमेरिकी वाहनांची एवढी मोठी मिरवणूक त्याआधी पाहिलेली नसणार. पुष्पहार आणि गोळीबार दोन्ही एकाच रस्त्यावर.

शर्मनबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या एका प्रकाराला, एम-फोर-ए-फोरला, मोठं इंजिन मिळेना. म्हणून क्रायस्लर कंपनीने मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एकत्र जुळवली आणि तीस सिलिंडरचं एक इंजिन केलं. पाच मोटारी एका रणगाड्याच्या पोटात! ते जुगाड इतकं जाडजूड निघालं की रणगाडाच लांब करावा लागला. ब्रह्मदेशच्या लढाईत भारतीय घोडदळाच्या पलटणींनी हाच प्रकार वापरला. मॉडेल घेताना खालच्या चाकांच्या जोड्यांमधलं अंतर पाहावं. ते जास्त असेल तर पाच इंजिनांचा शर्मन, कमी असेल तर दुसरा. अनेक खोक्यांवर चित्र एकाचं आणि आत भाग दुसऱ्याचे, असाही घोळ असतो.

सोलापूरचा माणूस डेट्रॉइटला

क्रायस्लरचं नाव आलं म्हणजे वालचंद हिराचंद आलेच. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. मोटारींचा कारखाना काढायचा म्हणून हा गृहस्थ १९३९ मध्ये अमेरिकेला गेला. फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. परतीच्या प्रवासात विमानात विल्यम पॉली नावाचा विमानं विकणारा अमेरिकी शेजारी भेटला, आणि त्या ओळखीतून १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. गेले मोटारीसाठी, मिळाला विमानांचा कारखाना. मोटारीचं स्वप्न पुढे क्रायस्लरच्या मदतीने पुरं झालं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डी सोटो जोडल्या जाऊ लागल्या.

'जोडल्या' हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. अमेरिकेतून सुटे भाग पेट्यांत भरून यायचे आणि इथे कामगार ते बसवायचे. खरी गाडीसुद्धा खोक्यातूनच आली. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये हेच काम सुरू केलं होतं, शेवरोलेपासून. पन्नासच्या दशकात सरकारने कंपन्यांना बजावलं की नुसती जोडणी चालणार नाही, इथेच बनवायचा इरादा असेल तर राहा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं दार लावलं.

क्रायस्लरच्या गाड्यांत मॉडेलवाल्यांसाठी एक सोय आहे. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डी सोटो डिप्लोमॅट या तिन्हींचा सांगाडा जवळपास एकच; फरक जाळीत, पट्ट्यांत आणि नावाच्या बिल्ल्यात. एका किटमधून तीन भावंडं निघू शकतात, बिल्ले तेवढे बारीक हाताने करावे लागतात.

आणि हो, एसटी. महामंडळाच्या सुरुवातीच्या ताफ्यात दहा प्रकारच्या बस होत्या, त्यांत शेवरोले, फोर्ड आणि स्टुडबेकर ही तीन अमेरिकी घराणी. लाल परीचं गोत्र शोधत गेलं तर एक फांदी थेट डेट्रॉइटला निघते. अशी एसटी १:२५ मध्ये कुणी केली तर मी ती बघायला कुठूनही येईन.

बॉनेट उंच असलेली जीप

धाराशिवकरांनी पहिलं मॉडेल कोणतं करावं? माझं मत जीप. कॅडिलॅक आपल्या रस्त्यांवरून क्वचितच कधी गेली असेल. जीप मात्र सैन्यातून आली, तहसीलदाराकडे राहिली, धरणाच्या साइटवर धावली, आणि म्हातारपणी वडाप करत करत ड्रायव्हरसकट पंधरा माणसं वाहू लागली.

जीपचा जन्मही घाईगर्दीतला. अमेरिकी लष्कराला १९४० मध्ये हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी दोन दिवसांत आराखडा काढला, आणि ४९ दिवसांत नमुना हजर. मग काम मुख्यतः विलीज आणि फोर्डकडे गेलं. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या.

आता मोजायला लागू. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीत नऊ फटी असतात. युद्धानंतर सामान्य लोकांसाठी निघालेल्या सीजे जीपमध्ये सात. हे माहीत असलं की जुन्या फोटोतल्या जीपची जात सांगता येते, आणि सिनेमातली चूकही पकडता येते. आपल्याकडे रुळली ती सीजे-थ्री-बी. तिचं इंजिन उंच होतं, व्हॉल्व्हची रचनाच तशी, म्हणून बॉनेट उचलून घ्यावं लागलं. समोरून पाहिलं तर कपाळ मोठं दिसतं. त्यामुळे बाजारात सहज मिळणारं १:३५ चं युद्धकालीन जीपचं किट घेऊन 'आपली जीप' करायची असेल, तर दोन कामं हमखास करावी लागतात.

पहिलं, बॉनेट आणि जाळी उंच करणं. प्लास्टिकच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापून भर घालायची, फटीत पुट्टी भरायची, वाळल्यावर वॉटर पेपरने घासायचं. दुसरं काम स्टिअरिंगचं. अमेरिकी गाडी डाव्या हाताची, आपली उजव्या हाताची. स्टिअरिंग उचलून पलीकडे लावलं की झालं, असं वाटतं. पण मग ब्रेक-क्लचची पेडलं, मागचा आरसा, वायपरची दिशा आणि बॉनेटखालचा स्टिअरिंगचा दांडा, सगळंच घर बदलतं. जीपचा डॅशबोर्ड सपाट पत्र्याचा, म्हणून तिच्यात हे निभतं. शेवरोले इम्पालाच्या नक्षीदार डॅशबोर्डात हेच काम करायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे जातात.

जीपच्या गोष्टीला शेपूटही झकास आहे. महिंद्राने २०१८ मध्ये रॉक्सॉर नावाची जीपसारखी गाडी अमेरिकेत, मिशिगनमध्येच जोडायला सुरुवात केली. जीपचं नाव ज्यांच्याकडे होतं ते फियाट-क्रायस्लर अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार घेऊन गेले: ही आमच्यासारखी दिसते! सत्तर वर्षांनी लेक माहेरी आली आणि माहेरच्यांनी दार अडवलं.

डेंटिंग-पेंटिंग, पंचविसाव्या हिश्श्यात

मॉडेल जोडणं दोन दिवसांत होतं. पुढची सजावट महिनोन्‌महिने चालते. तिथे खरी स्पर्धा असते. थोडे मासले.

खऱ्या गाडीवरच्या रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तेवढाच थर मॉडेलवर बसला तर मूळ मापात तो अडीच मिलिमीटर झाला. दरवाज्याच्या फटी बुजतात, शेवरोले नावाची अक्षरं लोण्यात बुडाल्यासारखी दिसतात. म्हणून रंग पाण्यासारखा पातळ करून एअरब्रशने धुक्यासारखा मारायचा, अनेक हात द्यायचे, मध्ये मध्ये घासायचं. आपल्याकडे मे महिन्यात यात एक अडचण येते. उन्हात फवारलेला रंग गाडीवर पोहोचायच्या आतच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. भर पावसाळ्यात उलट. लॅकर रंगावर ओलसर पांढुरकी झाक येते. तेव्हा मराठवाड्यातल्या मॉडेलवाल्याने फवारणी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात पहाटे उरकावी.

इंजिनातली प्लगची वायर खऱ्या गाडीत सात-आठ मिलिमीटर जाड. २५ ने भागलं की ०.३ मिलिमीटर. जुन्या मोबाइल चार्जरच्या वायरीतले बारीक धागे त्यासाठी उपयोगी पडतात. पण कुठली वायर कुठल्या सिलिंडरला, हेही परीक्षक बघतात. शेवरोलेच्या छोट्या व्ही-एट इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. शिवाय त्याचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या बाजूला असतो, फोर्डच्या छोट्या व्ही-एटचा पुढे. ही अदलाबदल झाली की जाणकार गालातल्या गालात हसतो.

पन्नासच्या दशकातली अमेरिकी गाडी म्हणजे क्रोमच क्रोम. १९५७ च्या शेवरोले बेल एअरला खिडक्यांभोवती, बाजूंना, शेपटांवर सगळीकडे चकचकीत पट्ट्या. चंदेरी रंग इथे फसतो, राखाडी दिसतो. त्यासाठी अतिपातळ चिकट धातूची फॉइल मिळते; ती दाबून बसवायची, धारदार पात्याने कडेने कापायची. पोळ्या गुंडाळायची फॉइलही चालते. तिची जाडी ११ मायक्रॉनच्या आसपास धरली, तर मूळ मापात पाव मिलिमीटरच्या वर. खऱ्या पट्टीच्या पत्र्यापासून फार दूर नाही.

गंजाची गंमत वेगळीच. आधी तांबूस गंजाचा रंग द्यायचा. त्यावर जाड मिठाचे चार खडे ओल्या बोटाने चिकटवायचे, वरून गाडीचा रंग मारायचा, वाळला की मीठ खरवडून काढायचं. पोपडे उडालेला पत्रा तयार! मिठाऐवजी केसांचा स्प्रे मारूनही हे होतं. वरच्या रंगाला पाणी लावून ब्रशने घासलं की तो हवा तिथे सुटतो.

आणि धूळ. परदेशात लोक ती बाटलीत भरून विकत घेतात. आपल्याकडे काळी माती अंगणात आहे, पण ती तशीच लावू नये. दहावा हिस्सा मिलिमीटरचा कण पंचविसाव्या मापात अडीच मिलिमीटरचा खडा होतो. माती वाळवून, कुटून, तलम कापडातून गाळून घ्यावी. तेर-ढोकीच्या काळ्या रानातून आलेल्या जीपच्या मडगार्डला ही माती लावली की विकतच्या बाटल्या फिक्या पडतात.

एल्जिन पार्क

मॉडेलांचा फोटो काढण्यात मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकी कलाकाराचा हात कुणी धरला नाही. त्यांनी 'एल्जिन पार्क' नावाचं एक गाव उभं केलं. ते कुठेच नाही, फक्त फोटोंत आहे. टेबलावर १:२४ च्या जुन्या गाड्या आणि छोटी घरं मांडायची, टेबल खऱ्या झाडांसमोर नि इमारतींसमोर नेऊन ठेवायचं, अंतर असं जमवायचं की मागची खरी झाडं नि पुढची गाडी एकाच मापाची वाटावीत. साधा कॅमेरा, वर कसलीही संगणकी करामत नाही. स्मिथ २०१८ मध्ये गेले. फोटो पाहणाऱ्याला पन्नासचं दशक खरंखुरं दिसतं.

नळदुर्गच्या किल्ल्यासमोर फळीवर १:३५ ची जीप ठेवून हे कुणी करून पाहावं. कॅमेरा जमिनीवरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला हवा: दीड मीटर भागिले ३५, म्हणजे फळीपासून चार सेंटिमीटरवर. मोबाइल उलटा धरला की भिंग खाली येतं आणि ही उंची गाठता येते. फोटो वरून काढला की खेळणं दिसतं, खालून काढला की गाडी.

साचे आपल्यालाही ठाऊक होते

प्लास्टिकचे भाग पोलादी साच्याच्या दोन पाख्यांत बनतात. जिथे पाखे जुळतात तिथे बारीक रेघ उमटते, आणि ती घासणं हा प्रत्येक मॉडेलवाल्याच्या नशिबाचा भोग. धाराशिवपासून जवळच असलेल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलीन मातीच्या मूर्ती सापडल्या. त्या अशाच दुहेरी साच्यातल्या: पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून. तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर मूर्तींच्या कडा निरखून बघा.

वाहनाचं मॉडेल म्हणाल, तर महाराष्ट्राची परंपरा त्याहून जुनी. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा रथ सापडला. दोन बैल, उभा सारथी, भरीव चाकं, ४५ सेंटिमीटर लांब. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. बरोबरचे हत्ती, गेंडा, रेडाही चाकांवर.

खेळण्यातल्या मोटारींचे साचेही भारतात फिरले. इंग्लंडच्या डिंकीचे जुने साचे कोलकात्याला आले आणि 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघाल्या. पुढे सूटकेसवाल्या ब्लो प्लास्टने 'लिओ-मॅटेल' नावाने हॉट व्हील्स काढल्या. भलत्याच रंगसंगतीच्या या भारतीय गाड्यांसाठी आज परदेशी संग्राहक धडपडतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात एखादी असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी तिचं पोट वाचा. जस्ताच्या जुन्या गाडीला भेगा पडत असतील तर तो धातूचा रोग आहे, ओतताना शिसं मिसळल्याचा परिणाम. त्यावर औषध नाही.

खिशाचं काय?

परदेशी किट आता स्वस्त राहिलं नाही. खेळणी आणि मॉडेलांवरची आयात जकात २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. त्यावर वाहतूक. म्हणून सुरुवात लहान किटपासून करावी आणि हत्यारांवर उगाच खर्च करू नये. चौकटीतून भाग कापायची चांगली कात्री, धारदार पातं, तीन-चार नंबरचे वॉटर पेपर, एक चिमटा आणि उघडी खिडकी एवढं पुरे. नेलपॉलिश रंग म्हणून चालतं, पण उघड्या प्लास्टिकवर लावू नये. त्यातला द्रव प्लास्टिक खातो. आधी प्रायमर मारावा.

एक काम मात्र फुकट आहे आणि ते लवकर करायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाही, ती भंगारात जातात. तालुक्याच्या कचेरीमागे, पंचायत समितीच्या आवारात, एखाद्या गॅरेजच्या कडुलिंबाखाली जुन्या जीप अजून उभ्या आहेत. परवानगी घेऊन टेप लावा. बॉनेटची उंची, जाळीच्या फटी, स्टेपनीची जागा, आतला डॅशबोर्ड हे सगळं मोजा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी धरा. मॉडेल दहा वर्षांनीही करता येईल; मोजायला जीप तोवर राहणार नाही.